सलग आठ दिवस पाणीच पाणी, मग करायचं काय?

गेल्या अंकात क्रूझच्या तिकिटांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून मेसेज थांबेनात. बंदरावर उतरून काय बघायचं ते सगळ्यांना माहीत असतंय, यूट्यूबवर ढिगानं व्हिडिओ आहेत, पण जहाज कुठंच थांबत नाही त्या दिवशी माणसानं काय करायचं हे कोणी सांगत नाही. मी बरीच वर्षं क्रूझ जहाजांवर रिसेप्शनच्या काउंटरमागं उभा राहून काढलीत, आता राजारामपुरीत असतो, म्हणून संपादकांनी हे काम माझ्या गळ्यात घातलंय. निवडक प्रश्न घेतोय, नावं मुद्दाम छापत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, ताराबाई पार्कात राहतो. अमेरिकेतल्या मुलानं आम्हा दोघांचं नोव्हेंबरमधलं बार्सिलोना ते मायामी जहाजाचं बुकिंग केलंय. कागद बघितला तर कॅनरी बेटं सोडल्यावर सलग आठ दिवस नुसतं ‘ॲट सी’ लिहिलंय. मला रोज पहाटे रंकाळ्याला चक्कर मारल्याशिवाय चहा गोड लागत नाही. आठ दिवस कोंडून राहायचं म्हणजे डोकं फिरणार नाही का?

सर, फिरणार नाही. तिसऱ्या दिवशी थोडं गरगरेल, मग उतरेल. ते तिसऱ्या दिवसाचं सांगतोच, आधी हे असलं विचित्र तिकीट निघतंच कसं ते बघा.

ही जहाजं उन्हाळाभर भूमध्य समुद्रात फिरतात आणि हिवाळ्यात कॅरिबियनला धंदा करतात, त्यामुळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात अख्खं जहाज इकडून तिकडं न्यावंच लागतंय आणि एप्रिल-मेमध्ये परत आणावं लागतंय. रिकामं नेण्यापेक्षा तिकिटं स्वस्तात काढलेली बरी, असा सरळ हिशोब. म्हणून या फेऱ्यांना सुट्टीवाली पोरंटोरं कमी आणि तुमच्यासारखे रिटायर लोक जास्त, त्यातले कितीतरी दरवर्षी येणारे, आणि गंमत म्हणजे ते बंदरांसाठी येतच नाहीत, या मधल्या आठ दिवसांसाठीच येतात.

कॅनरीपासून मायामी साधारण साडेतीन हजार सागरी मैल. जहाज १८ नॉटनं, म्हणजे तासाला १८ सागरी मैलांनी, चाललं तर दिवसाला ४३०-४४० मैल कापतं, म्हणजे आठ दिवस बरोबर आले. तुम्ही शिक्षक आहात म्हणून सांगतो, कोलंबसानं हाच रस्ता धरला होता, ६ सप्टेंबर १४९२ ला कॅनरीतलं ला गोमेरा सोडलं आणि १२ ऑक्टोबरला त्याला जमीन दिसली, म्हणजे ३६ दिवस, आणि त्याला बुफे नव्हता. तो या वाटेनं गेला कारण इथं ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात, शिडात मागून हवा भरते. तुम्हालाही तेच वारे मागून मिळणार. जहाजाचा वेग आणि वाऱ्याचा वेग जवळपास सारखा झाला की डेकवर पानसुद्धा हलत नाही, धुराड्यातला धूर सरळ वर जातो, जहाज चाललंय का थांबलंय कळत नाही, आणि ऊन मात्र चटका लावतंय. टोपी न्या.

दुसरं म्हणजे घड्याळ. स्पेन आणि फ्लोरिडात सहा तासांचा फरक, तो एकदम पडत नाही, जवळजवळ रोज रात्री एक-एक तास घड्याळ मागं जातंय. म्हणजे अख्ख्या प्रवासात सहा दिवस तुम्हाला २५ तासांचे मिळणार. ऐकायला भारी वाटतंय, पण मुळात वेळ जात नाही म्हणून घाबरलेल्या माणसाला वर तास फुकट! होतं काय की पहिल्या दोन-तीन रात्री तुमची झोप पहाटे चारलाच मोडते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तीच तुमची रंकाळ्याची वेळ. प्रोमेनेड डेक नावाचा डेक बहुतेक जहाजांना असतो, लाकडी फळ्यांचा, त्यावर पाटी असते की किती फेऱ्यांना एक मैल. पहाटे खलाशी पाईप घेऊन डेक धुवत असतात, फळ्या निसरड्या असतात, स्लीपर घालून जाऊ नका, चांगली पकड असलेले बूट घाला आणि त्या पोरांना गुड मॉर्निंग म्हणा, त्यात गोव्याचा नाहीतर रत्नागिरीचा एखादा निघतोच. मोबाईलचं घड्याळ आपोआप बदलायचं सेटिंग मात्र बंद करा, नाहीतर ते भलतीच वेळ दाखवतंय आणि तुम्ही नाश्त्याला तासभर आधी जाऊन दारात उभे. गोळ्या-औषधांच्या वेळांचं काय करायचं तेही निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या, खास करून शुगरच्या.

आता तिसरा दिवस. पहिल्या दिवशी सगळे पळत असतात, जिम बघ, पूल बघ, आईस्क्रीमचं मशीन कुठंय बघ. दुसऱ्या दिवशी झोपतात. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला आमच्या काउंटरसमोर रांग लागायची, आणि तक्रारी काय तर शेजारच्या केबिनमध्ये कपाटाचं दार वाजतंय, काल पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवला होता आज का नाही, समुद्र डाव्या बाजूनं चांगला दिसतोय मग आमची केबिन उजव्या बाजूला का दिली. मी गंभीर चेहरा करून सगळं लिहून घ्यायचो. कोणालाच काही झालेलं नसायचं, मोकळ्या वेळेची सवय नसते एवढंच, ती लागायला दोन-तीन दिवस जातात. पाचव्या दिवशी तीच माणसं समोरून हसत जायची आणि सातव्या दिवशी म्हणायची, अजून दोन दिवस असते तर बरं झालं असतं.

माझं म्हणणं असं की दिवसात दोनच वेळा बांधून घ्या आणि बाकीचं मोकळं सोडा. रोज रात्री केबिनमध्ये उद्याच्या कार्यक्रमाचा कागद येतो, हल्ली तो ॲपवर असतो, त्यात सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत चाळीस-पन्नास गोष्टी असतात, डान्स शिका, नॅपकिनची घडी शिका, बिंगो, लिलाव, व्याख्यान. सगळं करायला गेलात तर थकाल, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला काहीतरी विकण्यासाठी असतात. ‘पोटाची चरबी कमी करण्याचं रहस्य’ असं फुकट व्याख्यान दिसलं की समजायचं स्पावाल्यांचा माल खपवायचाय. इतिहासाची, समुद्राची व्याख्यानं मात्र चुकवू नका.

तुमच्यासाठी पहिली वेळ दुपारी बारा. बारा वाजता ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, कॅप्टन स्पीकरवर बोलतो, अक्षांश-रेखांश, वेग, वारा, आणि खाली पाणी किती खोल ते. कोल्हापुरातून निघतानाच एक जाड वही आणि अटलांटिकचा साधा नकाशा घेऊन जा, रोज बाराला टिंब मारा आणि पेन्सिलनं रेघ जोडा. समुद्राच्या पोटात मधोमध डोंगरांची रांग आहे, मिड-अटलांटिक रिज, तिथं खोली कमी झालेली ऐकू येईल आणि पलीकडं परत वाढेल. ते आकडे तुम्ही लिहिताय म्हटल्यावर दोन दिवसांत शेजारच्या टेबलावरचा कोणीतरी विचारणारच की आज किती, आणि झाली की ओळख. दुसरी वेळ ट्रिव्हिया, म्हणजे प्रश्नमंजुषा, सहा-सहाची टीम असते. अमेरिकन टीव्हीवरचे प्रश्न आपल्याला घंटा येत नाहीत, पण राजधान्या, नद्या, बेरजा-वजाबाक्या यात तुम्ही एकटे टीमला तारून न्याल. आठ दिवस तीच टीम ठेवा. बक्षीस म्हणून कीचेन मिळते आणि त्यासाठी सत्तरीची माणसं अशी भांडतात की खासबागेतली कुस्ती परवडली.

खुर्च्यांचं एक सांगतो. पूलजवळच्या लांब खुर्च्यांवर पहाटेच टॉवेल टाकून लोक जागा धरतात, आपल्याकडं एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसं, आणि मग तासन् तास गायब. त्या भानगडीत पडू नका. जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, वरच्या डेकवर कठड्याशी उभे राहा, तिथं गर्दी नसते. उष्ण पाण्यात शिरल्यावर जहाजाला घाबरून उडणारे मासे बाहेर पडतात, निळसर चकचकीत, पाण्याला घासून लांबवर जातात आणि टुपकन आत. कॅरिबियन जवळ आलं की बूबी नावाचे पक्षी जहाजाच्या बरोबरीनं तरंगत येतात आणि हे मासे उडाले की झडप घालतात. अर्धा तास कुठं गेला कळत नाही. वाटेत पिवळट तपकिरी गवताचे लांब पट्टे तरंगताना दिसले तर तो सरगॅसम, समुद्रातला पाला.

आणि बाईंना दिवसभर सोबत घेऊन फिरू नका. सकाळी तुमचं तुम्ही, त्यांचं त्या, जेवायला भेटा. दुपारच्या चहाच्या वेळेला किती जोडपी भांडत काउंटरवर यायची ते मी बघितलंय.

प्रश्न : आंबा घाट लागला की मला उलटी होते, खिडकीशेजारची सीट आणि पिशवी ठरलेली. मी जहाजाचा विचारच करू नये का? (शाहूपुरी)

विचार करा की. घाटात वळणं झटक्यानं येतात, मोठ्या जहाजाचं हलणं संथ असतंय. कारण मात्र तेच, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय आणि डोळे केबिनच्या भिंतीकडं बघून म्हणतात कुठं हलतोय. म्हणून मळमळलं की केबिनमध्ये पडून मोबाईल बघणं सगळ्यात वाईट, वर मोकळ्या हवेत या आणि क्षितिजाकडं बघत राहा.

केबिन बुक करताना खालच्या डेकवरची आणि जहाजाच्या मध्यावरची मागा. पुढच्या टोकाची आणि अगदी वरची, बाल्कनीवाली, ती फोटोत छान दिसते पण सगळ्यात जास्त तीच हलते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंनी स्टॅबिलायझरचे पंख निघतात, त्यानं डावी-उजवी डुलणं बरंच कमी होतं, पुढून-मागून वर-खाली होणं मात्र त्यानं थांबत नाही. एव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि उलटी सुरू व्हायच्या आधी घ्यायची, नंतर ती पोटात टिकत नाही, आणि झोप येते हे लक्षात ठेवा. उपाशी राहू नका, कोरडं काहीतरी थोडं थोडं खा. आमच्या काउंटरवर लोकांना हिरवं सफरचंद आणि आल्याची गोळी द्यायचो. आपल्याकडचा आलेपाक त्याहून चांगला, डबाभर न्या. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत शरीर जुळवून घेतं.

तरी धाकधूक असेल तर आठ दिवसांच्या भानगडीत पहिल्यांदाच पडू नका. २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या फेऱ्या सुरू आहेत, दोन रात्रींची एखादी घ्या. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तिथून बॅलार्ड पिअरचं टर्मिनल टॅक्सीनं जवळच आहे. पावसाळा सोडून जा. दोन रात्रीत कळतंय सगळं.

प्रश्न : आम्ही घरचे सगळे शाकाहारी, सासूबाईंचा एकादशीचा उपवास. चिवडा-लाडू सोबत नेऊ देतात का? आणि चहाचं काय? (मंगळवार पेठ)

चहाचं आधी सांगतो कारण कोल्हापूरकरांची तीच खरी रड असते. बुफेत गरम पाणी, टी-बॅग आणि थंड दुधाची छोटी पुडी मिळते, त्याला चहा म्हणवत नाही. वेटरला सांगून गरम दूध मागवा, मिळतंय, आणि मसाला चहाची पाकिटं घरून न्या. केटल किंवा पाण्यात बुडवायची कॉईल मात्र नेऊ नका, आगीच्या भीतीनं बहुतेक जहाजांवर त्याला बंदी असते, बॅग मशीनमधून जाताना काढून घेतात आणि परतीच्या दिवशी देतात. इस्त्रीचंही तसंच. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर केबिनमध्येच केटल ठेवलेली असते, तिथं मजा.

शाकाहारी जेवण हल्ली अवघड नाही. बुकिंग करतानाच लिहून कळवा, आणि पहिल्याच रात्री डायनिंग रूमच्या हेड वेटरला भेटा. तो दुसऱ्या दिवशीचं मेन्यूकार्ड आदल्या रात्री दाखवतो, मग डाळ, भाजी, भात सांगून ठेवता येतंय. कितीतरी जहाजांच्या किचनमध्ये आपली माणसं असतात, स्टाफच्या मेसमध्ये आमच्यासाठी रोज डाळ-भात असायचाच, फक्त पाहुण्यांना तिथं प्रवेश नसतो. समुद्रातल्या दिवशी किचनला जरा सवड असते, बंदराच्या दिवशी खास मागण्या करू नका. एकादशीला साबुदाणा मिळणार नाही, उकडलेले बटाटे, दही, फळं, दाणे मिळतील. सासूबाईंना वरीच पाहिजे असेल तर त्या दिवशी जरा अवघड आहे.

सोबत न्यायचं ते कंपनीचं सीलबंद, कोरडं न्या. भडंग, चिवडा, खाकरा, शेंगदाण्याची चटणी चालते. कांदा-लसूण मसाल्याची छोटी सीलबंद पुडी नक्की न्या, तिसऱ्या दिवशी त्या उकडलेल्या भाज्यांवर ती भुरभुरली की जीव परत येतोय. पण युरोपातून चढणार असाल तर पेढे, तुपातले लाडू, चीज असलं दुधाचं काही नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. अमेरिकेत उतरताना जहाजावरचं केळ-सफरचंदसुद्धा पिशवीत नको.

आणि जेवणाआधी हात साबणानं धुवायचे, नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका. जहाजावर पसरणारा, उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही, आणि तो झाला की केबिनमध्येच बसवतात, मग कसला समुद्र बघताय.

प्रश्न : भावा, जहाजावर नेट असतंय का? मला लॅपटॉपवर काम करावं लागणार. (कळंबा)

असतंय. २०२२ पासून बऱ्याच कंपन्यांनी स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून येणारं नेट, बसवायला सुरुवात केली, तेव्हापासून व्हिडिओ कॉलसुद्धा होतात, पण पॅकेज वेगळं विकत घ्यावं लागतं आणि भाव डिव्हाइसमागं, दिवसावर. चढायच्या आधी वेबसाईटवरून घेतलं तर बहुतेक वेळा स्वस्त पडतंय.

खरा धोका दुसराच. जहाजावर त्यांचा स्वतःचा मोबाईल टॉवर असतो आणि किनारा सुटला की फोन गुपचूप त्याला जाऊन चिकटतो, त्याचा दर एमबीवर आणि तोंडाला फेस आणणारा. नेट चालू राहिलेल्या फोनची बिलं घेऊन रडवेले झालेले लोक मी बघितलेत, आणि ते बिल जहाजाचं नसतंय, तुमच्या इथल्या कंपनीचं येतंय, त्यामुळं काउंटरवर ओरडून उपयोग नाही. चढल्या चढल्या एअरप्लेन मोड, मग वायफाय. जीपीएस तरीही चालतंय, आधी नकाशा डाउनलोड करून ठेव, डेकवर उभं राहिलं की निळं टिंब भर समुद्रात दिसतंय.

पण भावा, काम घेऊन जाणार असशील तर मुंबई-गोवा विमानानं जा की, परवडतंय.

प्रश्न : मुंबईच्या जहाजावर कॅसिनो लगेच सुरू होतो का?

नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, ही आपली हद्द. ती ओलांडल्यावरच कॅसिनो आणि ड्यूटी फ्री दुकानं उघडतात. समुद्रातल्या दिवशी दिवसभर उघडी. किती घेऊन बसायचं ते घरातनं निघतानाच ठरवा.

प्रश्न : मी ६३ वर्षांची, मिस्टर जाऊन चार वर्षं झाली. मुलगी पुण्यात. मला एकटीनं समुद्रात जायचंय, फार वर्षांची इच्छा आहे. जावई म्हणतात, बंदरांवर ग्रुप असतो पण मधल्या दिवसांत तुम्ही एकट्या काय करणार, जेवायला कोणाबरोबर बसणार. माझं इंग्रजी मोडकंतोडकं. (नागाळा पार्क)

काकू, जावयांचा प्रश्न बरोबर आहे पण उत्तर त्यांना वाटतंय तसं नाही. एकट्या माणसाला बंदराचा दिवस जड जातो, सगळे आपापल्या गटानं उतरतात आणि जहाज रिकामं होतं. समुद्रातल्या दिवशी सगळे आतच, पळून जाणार कुठं.

बुकिंग करताना जेवणाची ठरलेली वेळ आणि मोठं टेबल मागा, सहा किंवा आठ जणांचं. रोज तीच माणसं, तोच वेटर, दुसऱ्या दिवशी तो तुम्हाला विचारल्याशिवाय गरम पाणी आणून ठेवतो. जेव्हा वाटेल तेव्हा जेवा अशी सोय असते ती घेऊ नका, त्यात दोन माणसांच्या टेबलावर एकटं बसायची पाळी येते. कार्यक्रमाच्या कागदावर एकट्या प्रवाशांची भेट असं छापलेलं असतं, बहुतेक पहिल्या-दुसऱ्या समुद्री दिवशी, तिथं जा आणि नाही आवडलं तर उठून या.

इंग्रजीची काळजी करू नका. विणकामाचा गट जवळपास प्रत्येक मोठ्या जहाजावर जमतो, सुया आणि लोकर घेऊन जा, तिथं बोलायला लागतच नाही, टाका दाखवला की पुरतंय. लायब्ररीत किंवा पत्त्यांच्या खोलीत टेबलावर हजार तुकड्यांचं जिगसॉ पझल अर्धवट पसरलेलं असतंय, येता-जाता कोणीही दोन तुकडे लावतो. आमच्या एका जहाजावर एक जपानी आजी आणि एक इटालियन आजोबा रोज दुपारी तिथं शेजारी बसायचे, एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नव्हतं, आकाशाचा निळा भाग दोघांनी मिळून पूर्ण केला. फॉर्मल नाईटला सगळे सूट-गाऊनमध्ये येतात, तुम्ही पैठणी नेसून जा. फोटोग्राफर तुमच्याच मागं लागणार, फोटो विकत घ्यायची सक्ती नसते.

पैशांचं स्पष्ट सांगतो. केबिनचा भाव दोन माणसांवर धरलेला असतो, एकट्यानं घेतली तर जवळजवळ दोघांचे पैसे भरावे लागतात. काही जहाजांवर एकट्यासाठीच्या छोट्या केबिन असतात, त्या लवकर संपतात, म्हणून आधी तेवढंच विचारा. टिपचे पैसे बऱ्याच कंपन्या रोज माणशी आपोआप बिलात लावतात, ते धरून हिशोब करा. जहाजावर डॉक्टर असतो पण फी डॉलरमध्ये, त्यामुळं ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग चढल्यावर कधीकधी संध्याकाळी केबिनला पोचते. आणि जहाज सुटायच्या आधी जीवरक्षणाची कवायत असते, २०१२ ची कोस्टा कॉनकॉर्डिया या क्रूझ जहाजाची दुर्घटना झाल्यानंतर ती सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यायची असा नियमच झाला, तिला दांडी मारू नका. तुमचं जमायचं ठिकाण कुठलं ते डोळ्यांनी बघून घ्या. धोक्याचा भोंगा म्हणजे सात आखूड आणि एक लांब.

जावयांना सांगा, रोज दुपारी बाराला, जहाजाच्या घड्याळानं, वायफायवरून एक मेसेज टाकेन. तो आला नाही तर काळजी करा, बाकीचा दिवस फोन करू नका.

व्हिसाबद्दल आलेले प्रश्न पुढच्या अंकात घेतो. सिंगापूरहून चढणाऱ्यांनी मात्र तोवर थांबू नका, जहाज बाहेर जाऊन परत सिंगापूरलाच येतं, त्यामुळं व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे का ते आजच बघून घ्या.